राहू द्या त्याला

होळी होऊन आठवडा झाला असेल. मी माहेरी गेले होते, दारव्ह्याकडं, आणि घरात एकच विषय पेटला होता: भाचीला पहिलीत कुठं टाकायचं, झेडपीत का कॉन्व्हेंटात. आमच्याकडं पाटीवर इंग्रजी अक्षरं असलेल्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती मंगल कार्यालयाच्या मागच्या चार खोल्यांत का भरेना. तिची पिवळी व्हॅन सकाळी साडेसातला फाट्यावर येते, आणि टाय लावलेली पोरं धुरळ्यात उभी असतात. भावाचं म्हणणं, तूर विकली की फी भरून टाकू. आईचं म्हणणं, आपली शाळा हाकेवर आहे, पोरगी डोळ्यांसमोर तरी राहील. भावजय काहीच बोलत नव्हती, भाकरी थापत होती. पाडव्याच्या सुमारास झेडपीचे मास्तरही पट वाढवायला दारोदार फिरतात. सर आदल्याच दिवशी येऊन, चहा पिऊन, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं जेवण फुकट, सगळं सांगून गेले होते. भावावर त्याचा उलटाच परिणाम झाला. "चांगली चीज असती तं फुकट वाटाले घरी आले असते का?" शेवटी माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तू शिकेल-सवरेल हायस. येकडाव शाळा पाहून ये अन् सांग, चांगली हाय का नाई."

मी अमरावतीला एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. माझं शिकणं-सवरणं म्हणजे जमा आणि नावे. पण मोठी बहीण म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

सकाळची शाळा सुरू झाली होती. फाटकातून आत शिरले तर समोर आगगाडी. सगळी इमारत निळी, खिडक्यांभोवती पांढऱ्या चौकटी, वर्गाच्या दारावर डब्याचा नंबर, खाली काळी चाकं. अशी आगगाडी आता कितीतरी शाळांच्या भिंतींवर दिसते, पण आमच्या भागात तिची एक वेगळीच गंमत आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी खरी गाडी, आमची शकुंतला, दारव्ह्यावरूनच जायची. ती थांबून वर्षं लोटली. या शाळेतल्या बहुतेक पोरांची आगगाडी म्हणजे ही भिंतच. मैदानात कडुलिंबाचा बारीक पांढरा फुलोरा पडला होता, मागच्या शेडमधून हळद आणि मोहरीच्या फोडणीचा वास येत होता, आणि एका खोलीतून पाढ्यांचा तो एकसुरी आवाज, जो ऐकला की माझी पाठ आजही आपोआप ताठ होते. दोन शिक्षक, चार वर्ग, पट ३८. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या.

सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एका मुलीला उभं केलं. तिनं महाराष्ट्राचे ३६ जिल्हे एका दमात म्हणून दाखवले, गडचिरोलीला पोचेपर्यंत श्वास घेतला नाही. दुसऱ्यानं सतराचा पाढा उलटा म्हटला. वर्गानं टाळ्या वाजवल्या, त्या खास तालातल्या, पाहुण्यांसाठी शिकवलेल्या. मला काय करावं सुचेना. म्हणून टेबलावरचं बालभारतीचं पुस्तक उचललं आणि खिडकीशी बसलेल्या एका पोरापुढं धरलं. वर्गाच्या मानानं थोराड होता. शर्ट नवा, होळीचा, खांद्यावर गुलाबी डाग तसाच. हातांवर बारीक पांढुरके ओरखडे, उसाचं पातं लागलं की उठतात तसे. "वाच बरं," मी म्हटलं. त्यानं पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग सरांकडं.

"राहू द्या त्याला, मॅडम," सर म्हणाले. "तो आत्ताच आलाय."

पोरगा खाली बसला. त्याला हायसं वाटलं, का अशा बसण्याची सवय होती, मला काही कळलं नाही. मी पुस्तक पुन्हा टेबलावर ठेवलं. आणखी दोन कविता ऐकल्या, फळ्यावरची सुविचाराची ओळ वाचली आणि घरी आले. भावानं विचारलं तेव्हा म्हटलं, स्वच्छ आहे शाळा. ते खरंही होतं. पण रात्री अंगणात बाजेवर पडले तर ते चार शब्द डोक्यातून जाईनात. मायेनं म्हटले होते का हात झटकून? पोराला चारचौघांत उघडं पाडू नका, असं सरांना म्हणायचं होतं, का याच्यात वेळ घालवून उपयोग नाही, असं? सरांच्या आवाजावरून दोन्ही वाटत होतं. आणि मला मनातून कळत होतं की शाळा चांगली का वाईट, याचं उत्तर त्या ३६ जिल्ह्यांत नसून इथंच कुठंतरी आहे.

शाळा तपासायचे सरकारी मार्ग काही कमी नाहीत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला, त्याला एक अनुसूची आहे. प्रत्येक शिक्षकामागं एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, आहार शिजवायची शेड, मैदान, कुंपण, वाचनालय, उताराचा रस्ता. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. आमची शाळा या सगळ्यात बसते. दोन माणसांनी चार इयत्ता शिकवायच्या, हेसुद्धा नियमात चोख बसतं. मोजता येतील अशाच गोष्टी मोजायच्या, ही माझ्या धंद्यातलीही रीत आहे, त्यामुळं मला हसायचा अधिकार नाही. तरी एक सांगते. मुलींचं स्वच्छतागृह आहे, फरशी बसवलेलं, दारावर फुलपाखरू काढलेलं. त्याला कुलूप होतं. किल्ली कुठं म्हणून विचारलं तर ऑफिसच्या कपाटात. "लोकं रात्री येऊन घाण करतात ना मॅडम," हे कारण खरंच असणार, गावातली लोकं मला ठाऊक आहेत. पण फॉर्मवर ते स्वच्छतागृह 'आहे' असंच जाणार, आणि चौथीतली पोरगी मधल्या सुट्टीत धावत घरी जाणार.

भेटीचं रजिस्टरही मी चाळलं. सरांनीच दाखवलं, कौतुकानं. वर्षानुवर्षांचे शेरे, वेगवेगळ्या शाई, वेगवेगळ्या सह्या, आणि वाक्य एकच: शालेय परिसर स्वच्छ, विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक. एका साहेबांनी मात्र लिहिलं होतं, 'खिचडीत मीठ कमी.' तेवढा एकच माणूस त्या शाळेत खरोखर येऊन गेला असावा.

माझीही शाळा हीच. तेव्हा ती आगगाडी नव्हती. कवेलूचं छप्पर, खाली टाटपट्टी आणि शनिवारी मुलींनी शेणानं सारवायचं. मुलांनी तेव्हा काय करायचं, ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही. १९९५ साली मी चौथीत होते आणि त्याच वर्षी पोषण आहार सुरू झाला, पण शिजवलेला नव्हे. महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. शिजवून द्यायला सुरुवात झाली ती पुढं, सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये आदेश दिल्यावर. त्या तांदळाच्या दिवशी शाळा कशी भरायची! ज्यांची तोंडं महिनाभर पाहिली नाहीत ती पोरं थैल्या घेऊन ओळीत उभी असायची, आणि गुरुजी हजेरीवर पेन फिरवताना त्यांच्या चेहऱ्याकडं पाहायचे नाहीत. आता वाटतं, किती जणांची हजेरी त्यांनी मुद्दाम भरून दिली असेल. हिशेबाच्या नजरेनं तो घोटाळा आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला त्याशिवाय मुलींचा उपस्थिती भत्ता मिळायचा, दिवसाला एक रुपया. तो १९९२ पासूनचा. तिला त्या रुपयाचा मोठा अभिमान होता, ती मला म्हणायची, "तू फुकट येतेस शाळेत, मले पगार भेटते."

गावात कोणालाही विचारा, आमच्या वेळची झेडपी भारी होती म्हणतात. गुरुजी गावातच राहायचे, मारायचे पण शिकवायचे, एकेक पोरगा साहेब झाला. मीही हेच म्हणत आले, लग्नाकार्यात, अमरावतीच्या बायकांत, थोड्या तोऱ्यात. पण हे म्हणतं कोण? ज्यांना त्या शाळेनं पुढं ढकललं ते. आमच्या वर्गातल्या ज्या पोरी सातवीच्या आत कापूस वेचायला लागल्या, त्यांना कोणी विचारत नाही तुमची शाळा कशी होती म्हणून. रुपयावाली मैत्रीण दिवाळीनंतर वेचणीला जायची, दोन-दोन महिने. परत आली की तिची टाटपट्टीवरची जागा दुसऱ्या कोणाची झालेली असायची. ती मागं बसायची. मग आणखी मागं. गुरुजी वाईट नव्हते हो. त्यांनी मला स्कॉलरशिपला बसवलं, संध्याकाळी कंदील लावून घरी शिकवलं, एक पैसा घेतला नाही. मला शिकवायला त्यांच्याकडं वेळ होता, कारण मी रोज होते.

पुढं मी यवतमाळला कॉलेजात असताना 'असर'ची पाहणी सुरू झाली. 'प्रथम' संस्थेची ती पाहणी २००५ पासूनची. त्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वयंसेवक म्हणून गेले होते, एनएसएसच्या मास्तरांनी नावं दिली म्हणून. त्या पाहणीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती: पोरांचं वाचन तपासायला शाळेत जायचं नाही, घरी जायचं. गावातली २० घरं निवडायची, दारात बसायचं आणि पोराच्या हातात कागद द्यायचा. अक्षरं, मग शब्द, मग चार सोप्या ओळी, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथवर वाचेल तिथवर, त्याच्यापुढं नाही. गणितात हातच्याची वजाबाकी, पुढं भागाकार. शाळेत हजर नसलेलं पोरगंही घरी सापडतंच, हा त्यातला मुद्दा. पण मला आठवतात ती दृश्यं वेगळीच आहेत. पोरगं कागद धरायचं आणि अंगणात दहा माणसं गोळा व्हायची. काकू मागून शब्द सुचवायची. बाप म्हणायचा, "आठवीत हाय, येते त्याले," आणि पोरगं दुसऱ्याच ओळीवर अडलं की बापाचा चेहरा असा व्हायचा की मलाच कागद ओढून घ्यावासा वाटायचा. एका घरी मी खरंच तसं केलं. म्हटलं, राहू दे, झालं. आणि रकान्यात 'शब्द' अशी खूण करून पुढच्या घरी गेले. ते पोरगं पुढं वाचायला शिकलं का, हे विचारायला कोणी परत त्या घरी जाणार नव्हतं, पाहणीचं ते कामच नव्हे. पाहणीनं देशाला आरसा दाखवला, हे मान्य. त्या अंगणातला माणूस त्या आरशात दिसत नाही एवढंच.

आता निपुण भारत ही सरकारी मोहीम आहे, २०२१ पासून. तिसरीच्या पोरानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे, आणि मला ते अजिबात वाईट वाटत नाही. उलट तीस वर्षांपूर्वी कोणी घड्याळ लावलं असतं तर माझ्या मैत्रिणीचं न वाचणं निदान कुठं कागदावर तरी आलं असतं.

शाळा कशी आहे हे मला सर्वांत नीट सांगितलं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी. मागच्या शेडमध्ये जाऊन बसले तर त्या तांदूळ निवडत होत्या. महिन्याला अडीच हजार मानधन, तेही येईल तेव्हा. पहिली ते पाचवीच्या पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, हे माप त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते कोणत्या दिवशी पुरत नाही तेही. "सोमवारी जास्त लागते, बाई. आयतवारी घरी काय झालं ते सोमवारी ताटात दिसते." कोणतं पोरगं दोनदा घेतं, कोणतं डब्यात लपवून लहान बहिणीसाठी नेतं, कोणाला ताप असूनही पाठवलंय, कोण कोणाच्या शेजारी जेवायला बसत नाही. हे शेवटचं त्यांनी आवाज खाली करून सांगितलं. मी विचारलं, सर काय करतात त्याला? "सर मधात बसतेत जेवाले. तवापासून बसतेत सगळे." भेटीच्या रजिस्टरात याची नोंद कुठंच नाही.

त्या पोराबद्दलही त्यांनीच सांगितलं. तांड्यावरचा. आईबाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिमेकडं, आणि होळीला परततात. होळीला तांड्यावर नसणं म्हणजे काय, हे बंजाऱ्याच्या पोरालाच विचारावं. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी लागतं म्हणून हा जातो. घरात गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली, उसाच्या फडात कानावर पडेल ते, आणि शाळेत बालभारतीची मराठी. आमच्या वऱ्हाडी पोरांनाच 'मले'चं 'मला' करताना घाम फुटतो, तर त्याचं काय होत असेल? वय दहा, म्हणून चौथी. कायदा म्हणतो वयानुरूप वर्गात बसवा, आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. बसवणं सोपं असतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्यांना घ्यावं. ते कार्ड त्याच्या दप्तरात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जपून ठेवलेलं.

आणि माझ्यातली हिशेबनीस इथं जागी झाली. शिक्षकांची पदं ठरतात ती ३० सप्टेंबरचा पट धरून. सप्टेंबरात हा पोरगा गावात असतो. त्याच्यासारखी तांड्यावरची आणखी पाच-सात पोरंही असतात. म्हणजे शाळेत मास्तर किती, हे ठरवताना तो मोजला जातो, आणि मास्तर शिकवतात तेव्हा तो सातारा-सांगलीकडं उसात असतो. पट घसरलेल्या शाळांचं काय करायचं याच्या चर्चा तर सतत चालूच असतात, त्यामुळं तांड्याच्या या नावांना शाळा सोडूही शकत नाही. यात सरांची लबाडी काहीच नाही. तरी मला तो तांदळाचा दिवस आठवला, थैल्या घेऊन उभी असलेली पोरं आणि हजेरीवर फिरणारं पेन. तेव्हा हजेरी पोरांच्या पोटासाठी लागायची, आता शाळेला जगण्यासाठी लागते.

अमरावतीला परतण्याआधी पुन्हा शाळेकडं गेले, या वेळी न सांगता. पहिली-दुसरीच्या खोलीत तो पोरगा पुढं उभा होता. हातात शब्दांची कार्डं. एकेक कार्ड वर धरायचा, लहान पोरं ओरडून वाचायची, चुकली की तो मान हलवायचा. मी दारात थांबून राहिले. कार्ड वर करण्याआधी तो स्वतः ते क्षणभर पाहायचा, ओठ हलवायचा, आणि कधीकधी मान हलवण्याआधी समोरच्या एका चुणचुणीत पोरीच्या तोंडाकडं बघायचा, ती काय म्हणते ते. म्हणजे शिकत तोच होता. सर बाहेर आले. म्हणाले, "चौथीत वाच म्हटलं तर उद्यापासून येणार नाही. दुसरीत बस म्हटलं तरी येणार नाही. मग म्हटलं, मला मदत कर." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तालुक्याहून कसलीतरी माहिती तातडीनं हवी होती, आत्ताच्या आत्ता, ऑनलाइन. सर झाडाखाली, जिथं रेंज येते तिथं, जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिथंच होते. आणि पहिली-दुसरीचा वर्ग तो पोरगा चालवत राहिला.

म्हणजे ती त्याला शिकवायची युक्ती होती का वर्ग सांभाळायची सोय? दोन्ही, असं मला वाटतं, आणि ते मान्य करायला मला थोडा वेळ लागला. मला स्वच्छ उत्तर हवं होतं, सर देवमाणूस किंवा सर कामचुकार. हे सर पावणेआठच्या ठोक्याला दारव्ह्याहून मोटारसायकलवर येतात, जेवायला पोरांच्या मधात बसतात, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा त्या पिवळ्या व्हॅनवाल्या शाळेत जातो. त्यांच्या चौथीतल्या एका पोराला पुस्तक वाचता येत नाही. कुठल्याही सरळ मापानं ही शाळा त्या पोरापुरती नापास आहे. त्याच शाळेत तो रोज येतोय, न बोलावता, सकाळच्या शाळेला, तांड्यावरून चालत. समोर मेचा उन्हाळा आहे, आमच्या भागातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, मग पाऊस, सोयाबीन, आणि दिवाळी आली की मुकादमाची गाडी. कार्डांवरचे किती शब्द तोवर टिकतील?

घरी हे सगळं सांगितलं, जसं पाहिलं तसं. भाऊ वैतागला. "म्या तुले चांगली का वाईट विचारलं, तू तं पोथी वाचून रायली." आई झोपेला आली होती. भावजय मात्र भांडी घासता घासता थांबली. पहिल्यांदाच तिनं काही विचारलं. "तो पोट्टा वापस आला तं सरनं त्याले काय म्हणलं, पयल्या दिवशी?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग ती म्हणाली, "मी सहावीत होतो तवा मायचं बाळंतपण झालं. अडीच महिने घरी रायलो. वापस गेलो तं गुरुजीनं काई म्हणलं नाई. मागं जाऊन बसलो. कोणीच काई म्हणलं नाई. मंग मीच गेलो नाई." राख लावलेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं. भाचीला कुठं टाकायचं ते त्या घरात तिथंच ठरलं, पण हे भावाला कळायला आणखी आठवडा लागला.

भाची आता झेडपीत जाते. 'पोयम' येत नाही म्हणून भावाचा जीव अजून थोडा जळतो. दरम्यान भावजय शाळा व्यवस्थापन समितीवर गेली. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, त्यामुळं बायकांची नावं शोधावी लागतात, आणि सही करायला रजिस्टर बहुतेक घरी येतं. तसंच हिच्याकडंही आलं. ही म्हणाली, वाचून दाखवा, मंग सही करतो. सरांनी वाचून दाखवलं: रंगरंगोटीसाठी लोकवर्गणी, बोअरची मोटर, पंधरा ऑगस्टचा खाऊ. हिनं सांगितलं, सभा घ्या, मी येतो. सभेत म्हणे ती बराच वेळ गप्प बसली आणि चहा येता येता तिनं दोन गोष्टी काढल्या. एक, त्या कुलपाची किल्ली पोरींच्या वर्गात खिळ्याला टांगा. ते लगेच मंजूर झालं, कारण पैसे लागत नव्हते. दुसरं, दिवाळीनंतर तांड्यावरची पोरं जातील तर त्यांना इथंच आजीजवळ ठेवता येईल का, नाही ठेवता आली तर परत आल्यावर त्यांच्यासाठी रोज अर्धा तास कोण देणार, अन् समितीत तांड्यावरचं एकही माणूस काऊन नाई. यावर थोडी शांतता झाली म्हणतात, मग एक जण म्हणाला हे विषयपत्रिकेत नाही. सरांनी तो विषय 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली लिहून घेतला आणि पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. तेव्हा हिनं विचारलं, पुढची सभा दिवाळीच्या आधी हाय का मंग? त्यावर जो वाद सुरू झाला तो भावानं मला फोनवर अर्धा तास सांगितला, आणि त्याच्या आवाजात तक्रार किती आणि कौतुक किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.